उन्हात आलेलं पाणी

इंदू, पाणी आलं. पाऊस नव्हता. टळटळीत ऊन होतं आणि पाणी आलं.

मला एवढंच सांगायचं होतं. बाकीचं त्याच्या मागून येतंय म्हणून लिहितो. माझं शिक्षण तुला माहीत आहे. चौथीतून बापाने गुरांमागे धाडलं, पुढचं वाचायला शिकलो ते टेम्पो चालवताना, दुकानांच्या पाट्यांवरून. चुका होतील. तुला चारचौघांत कधी नावाने हाक मारली नाही, "ऐकलंस का" वर सगळा संसार उरकला. आता कागदावर नाव घेतोय. तू आत असतीस तर "कोनाला बोलावताय" म्हणून बाहेर आली असतीस.

तू आर्द्रात गेलीस. पाऊस नुसता लागून राहिला होता, जोर नव्हता. जमलेल्या बायका म्हणाल्या, भाग्याची, कुंकवानिशी गेली. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. ती भाग्याची, तर मी कोण, हे कुणी बोललं नाही. प्रकाश रडला, सूनबाई रडली, शेजारची फिलू तर अशी रडली की लोकांना वाटलं ही तुझी बहीणच. मला रडू आलं नाही. मी दारातून बघत होतो की नाल्यात पाणी कुठवर चढलंय. वर्षानुवर्षांची सवय. तुला विचारायला वळलो, "काय वाटतं, येईल का आज?" आणि वळल्यावर कळलं, ज्याला विचारायचं ते माणूस पुढच्या खोलीत निजवलंय.

माझा पाऊस वरून पडतो आणि तुझा खालून येतो. सगळा संसार आपण ह्या एका गोष्टीवर भांडलो. दुसरी भांडणं झाली ती किरकोळ, मीठ जास्त, आवाज जास्त, तुझा भाऊ, माझी बहीण. ती मिटली. हे मिटलं नाही.

मी माणदेशातला. आमच्याकडे पाऊस म्हणजे नक्षत्र, आणि त्या नक्षत्राचं वाहन. कॅलेंडरात बघायचं. बेडूक, म्हैस, हत्ती असलं काही असेल तर पाणी. कोल्हा, मेंढा असेल तर आभाळाकडे बघत बसा. तू अर्नाळ्याची. तुझ्या माहेरी दारातून समुद्र दिसतो. तुम्ही नक्षत्र बघत नव्हता, पुनव आणि अवस बघत होता, कारण त्या दिवसांत भरती मोठी असते, उधाण येतं. लग्न होऊन तू ह्या घरात आलीस, मिठागरांच्या अंगाला, दारासमोर रस्ता आणि रस्त्याच्या कडेला खाडीला जाणारा नाला. मी म्हटलं, जागा छान आहे, स्वस्तात मिळाली. तू नाल्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "स्वस्तात का दिली ते पावसात कळंल."

पावसात कळलं. पहिल्याच वर्षी पाणी उंबऱ्यावरून आत आलं. आणि मी काय केलं तर हात जोडले. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच जोडले. आमच्या गावी ओढ्याला पहिलं पाणी आलं की बाया ओटी भरायला जातात, म्हातारी माणसं काठावर उभी राहून डोळे पुसतात. पाणी स्वतःहून दारात येतंय हे मी जन्मात बघितलं नव्हतं. मी तुला म्हटलं, हळदकुंकू आण. तू साडी खोचलेली, कडेवर पिठाचा डबा, डोक्यावर गाठोडं. म्हणालीस, "पाया कसले पडताय, तांदूळ उचला आधी. गटाराचं पानी हाय ते."

फिलूने ते ऐकलं आणि गल्लीभर केलं. कितीतरी वर्षं लोक मला विचारायचे, काय दादा, यंदा ओटी भरली का?

आणखी एक होतं. आमच्याकडे पाऊस थांबला असं म्हणत नाहीत. आई म्हणायची, विसावला म्हण. थांबला म्हटलंस तर त्याला वाटेल ह्यांना आपण नको आहोत. आणि "पुरे" हा शब्द तर पावसाला लावायचाच नाही, जीभ झडेल. तू ओट्यावर उभी राहून आभाळाकडे तोंड करून सांगायचीस, "पुरे कर आता मेल्या, गाद्या कुजल्या माझ्या." मी आतून ओरडायचो, "अगं गप, ऐकेल तो."

"ऐकू दे. ऐकावं म्हनूनच बोलते."

पण गंमत बघ. पावसाला उठता बसता पुरे म्हणणारी तू, ह्या घराला कधी पुरे म्हणाली नाहीस. मी उलटा. पावसाला मी शब्द लागू दिला नाही, पण घर मला पुरे झालं होतं. दर वर्षी तेच. सामान उचला, पाणी बघा, चिखल काढा, भिंती पुसा, गाद्या वाळवा. प्रकाशने फुलपाड्याला फ्लॅट घेतला, चौथा मजला, आपल्यासाठी एक खोली वेगळी ठेवली. मी लगेच तयार होतो. तू गेलीस तिथे, सगळं फिरून बघितलंस, सूनबाईच्या हातचा चहा घेतलास, आणि खाली उतरल्यावर रिक्षात मला म्हणालीस, "चौथ्या माळ्यावर मी काय पोपट हाय, पिंजऱ्यात बसून मिरची खायला?"

"अगं, पाणी येत नाही तिथे."

"पानी येतं, जातं. त्याच्यासाठी मानसानं कशाला जायचं?"

हे दर पावसाळ्यात व्हायचं. मी म्हणायचो, एवढा पाऊस पडतो इथे, कसं राहायचं. तू म्हणायचीस, पावसाला कशाला नाव ठेवता, आभाळ कधी घरात आलंय? पानी येतं ते दर्याचं. दर्यानं तोंड मिटलं की नाल्यानं जायचं कुठं? मागं फिरतं आनि आपल्याकडं येतं. मी म्हणायचो, पाऊसच नसेल तर तुझा दर्या काय करणार? नाला भरतो तो पावसाने. निकाल लागायचा नाही, कारण पाणी यायचं तेव्हा पाऊसही असायचा आणि भरतीही. तू तुझं बोट दाखवायचीस, मी माझं.

मग तू ती पैज लावलीस. आपल्या गाद्या फिलूच्या कुंपणावर वाळत होत्या आणि तू खराट्याने ओटा घासत होतीस. मी फुलपाड्याचं नाव काढलं. तू खराटा खाली ठेवलास.

"ह्या घरात पाऊस नसताना पानी आलेलं दाखवते तुम्हांला. उन्हात. मग परत फुलपाड्याचं नाव काढायचं नाय."

"आणि नाही आलं तर?"

"एक पावसाळा उन्हात पानी नाय आलं तर मी मुकाट्यानं चालेन. फिलू, तू साक्षीदार."

फिलू कुंपणापलीकडून म्हणाली, "मी नवराबायकोच्या भांडणात साक्ष देत नाय. मागं एकदा दिली तर दोघं माझ्यावरच उलटले."

तो गेल्या वर्षीचा पावसाळा. त्यात उन्हात पाणी आलं नाही. मी दसऱ्याला आठवण करून दिली. तू म्हणालीस, पैज श्रावणात लागली, अर्धा पाऊस तर सरला होता, तो धरायचा नाय, पुढचा धरायचा. मी म्हटलं ही लबाडी आहे. तू म्हणालीस, असू दे. आणि पुढचा पाऊस सुरू झाला आणि आर्द्रात तू गेलीस.

तेरावं झाल्यावर प्रकाश म्हणाला, बाबा, चला आता. बॅग भरू का? मी म्हटलं, पाऊस होऊ दे. तो म्हणाला, पावसासाठीच तर म्हणतोय. मी म्हटलं, पैज आहे. त्याला वाटलं मला भ्रम झालाय. सूनबाईकडे त्याने बघितलेलं मी बघितलं.

पण पैज होती. तू नाहीस म्हणून ती मोडत नाही. तू असताना हिशोब असा होता की पाणी उन्हात आलं तर आपण राहायचं, नाही आलं तर जायचं. माझी बाजू जाण्याची. तेव्हा मला सोपं होतं. गप बसायचं, पावसाळा जाऊ द्यायचा, आणि जिंकून फुलपाड्याला जायचं. मी तसाच बसलो. इंदू, मी खरंच जिंकायला बसलो होतो.

तरणा पाऊस आला. आठवतं, तरणा आणि म्हातारा पाऊस हे शब्द तुला माझ्याकडून कळले, पुनर्वसूचा तो तरणा आणि पुष्याचा तो म्हातारा, आणि तू ते माझ्यावरच उलटवलेस. आल्यागेल्याला सांगायचीस, "हे तरने होते तेव्हा येऊन-जाऊन असायचे. आता म्हातारे झाले, दिवसभर घरात पिरपिर." यंदा तरण्याचं वाहन बेडूक होतं. मी म्हटलं आता काही खरं नाही. तांदळाचा डबा टेबलावर, सिलिंडर स्टुलावर, कपाटाच्या खालच्या खणातल्या तुझ्या साड्या माळ्यावर. सगळं एकट्याने चढवलं, कंबर धरली. आणि तरणा नुसता तोंड दाखवून गेला. अंगणही धड भिजलं नाही. बेडकावर विश्वास ठेवला म्हणून तू काय बोलली असतीस ते मला माहीत आहे, लिहीत नाही.

म्हाताऱ्यात झड लागली. रात्रंदिवस एकच धार. वर पत्रे, त्यामुळे घरात दुसरं काही ऐकू येत नाही. टीव्ही लावून उपयोग नाही. फोन वाजला तर कळत नाही. पूर्वी अशा दिवसांत आपण दोघं एकमेकांवर ओरडून बोलायचो, मीठ दे म्हणायलाही ओरडावं लागायचं, आणि बाहेरच्याला वाटायचं ह्यांचं पुन्हा जुंपलं. मला ती सवय राहून गेली आहे. परवा फिलू म्हणाली, "दादा, ओरडता का? मी काय बहिरी हाय?" मला कळलंच नाही मी ओरडतोय. झडीत मी कुणाशी बोललो नाही. दोन-दोन दिवस माझाच आवाज मला ऐकू आला नाही. कपडे वाळत नव्हते, दोरी घरात बांधली होती, आणि तुझा एक परकर मी चुकून माझ्या कपड्यांबरोबर धुतला होता तो दोरीवर होता. तो वाळला तरी काढला नाही. दारातून येणाऱ्याला वाटावं घरात बाई आहे. येणारं कोणी नव्हतं.

त्याच दिवसांत प्रकाशने तुझा फोटो मोठा करून आणला. खाली काय लिहायचं असं विचारलं. सूनबाई म्हणाली, तुमच्या आई पावसाला लावायच्या तो शब्द घालू या, "विसावली". छान आहे. चांगल्या मनाने बोलली ती. मी नको म्हटलं. विसावलेला उठतो. आई पावसाला तो शब्द लावायची कारण तो परत यायचा असतो. तू येणार नाहीस. उगाच कशाला. फोटोखाली नुसतं नाव आहे, इंदुमती, आणि माझं नाव, आणि आडनाव. तुझ्या नावामागे माझं नाव बघून मला वाटलं, की मी तुझ्या पाठीमागे उभा आहे आणि तू वळून बघत नाहीस.

मी पलंगावर निजत नाही. खाली चटई, तिच्यावर तू शिवलेली गोधडी. तुझ्या जुन्या साड्यांची, ती हिरवी जिच्यावरून आपलं वाजलं होतं ती मध्यभागी. तिला तुझा वास होता. खोबरेल, मसाला, तुझं ते दुखण्याचं मलम. मी तिला ऊन दाखवलं नव्हतं, वास उडेल म्हणून.

मग उघडीप आली. श्रावण तसा नेहमीच पडतो आणि उघडतो, पण यंदा ऊन असं पडलं की रस्त्यावर धूळ उडाली. नाला पार तळाला गेला. मी तांदळाचा डबा खाली घेतला, सिलिंडर खाली घेतला. मला वाटलं, झालं. मोठा पाऊस होऊन गेला, पाणी आलं नाही, आता मघा, पूर्वा, सासूचा पाऊस आणि सुनांचा पाऊस, ते काय करणार. मी जिंकलो. त्या आनंदात मी वाल भिजत घातले, बिरड्या करायच्या म्हणून.

नारळी पुनव होती. तू असतीस तर अर्नाळ्याला गेली असतीस, भावाच्या होडीला नारळ वाढवायला. यंदा सण नव्हता. दुपारी मी पुढच्या दारात वाल सोलत बसलो होतो. समोर नाला. आभाळात ढग नावाला नाही. बघता बघता नाल्यातली एक रिकामी बाटली खाडीकडून आपल्या घराकडे यायला लागली. उलटी. मी वाल सोलता सोलता बघत होतो. पाणी चढत होतं. नाल्यावरच्या पुलाखालच्या पाइपापर्यंत आलं, रस्त्याच्या कडेला लागलं. मी मनात म्हटलं, येऊन येऊन किती येईल. पायरी तर चढू दे. मी पायरीवर पाय ठेवून राखणीला बसलो, आणि खरं सांगतो, मी तुझ्या त्या दर्याला हसत होतो.

पाठीमागे गार लागलं. वळून बघितलं तर पाणी घरात. पुढून आलंच नव्हतं. मोरीतून आलं होतं. मोरीचं भोक, स्वयंपाकघर, मधली खोली, सगळं भरत गुपचूप माझ्या पाठीशी येऊन उभं राहिलं होतं. तू दर वेळी सगळ्यात आधी मोरीला गोणपाटाचा बोळा कोंबायचीस. मला वाटायचं उंदीर येऊ नयेत म्हणून.

डोक्यावर ऊन, घोट्यापर्यंत पाणी. मी तिथेच उभा. आणि मग मी लबाडी करून बघितली. विठोबाला फोन लावला. माझ्याबरोबर टेम्पोवर होता तो, आता कामणला गोदामावर रखवाली करतो. म्हटलं, डोंगराकडे पडला असेल, तेच पाणी उतरलं असेल.

"विठोबा, तुमच्याकडे पाऊस आहे ना?"

"पाऊस? धुरळा उडतोय."

"रात्री पडला असेल."

"रात्री चांदणं होतं, पुनवेचं. तुला पाऊस पाहिजे का? पार्सल करून पाठवू?"

मी फोन ठेवला. इंदू, मी हरलो. इतकी वर्षं भांडून, तुझी बाजू खरी निघाली, आणि ती खरी निघाली हे बघायला घरात एकटा मीच. मी हरल्याचं कुणाला सांगू? भिंतीवरच्या फोटोकडे बघून बोललो, "बरोबर आहे तुझं." पाण्यातून नुसता आवाज आला, डबे एकमेकांवर आपटल्याचा. तू असतीस तर बोलली नसतीस काही. साडी खोचली असतीस आणि खराटा माझ्या हातात दिला असतास. तेवढं मला चाललं असतं.

ओहोटी लागली तसं पाणी आल्या वाटेने गेलं. फिलू खराटा घेऊन आली, बोलावलं नव्हतं. दोघांनी चिखल लोटला. मी बादल्या बाहेर टाकत होतो तेव्हा तिने चटईवरची गोधडी उचलून नेली. मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर ती तिच्या कुंपणावर, जिथे आपल्या गाद्या वाळायच्या तिथे.

"दादा, गोधडी धुतली. वास येत होता."

"हो," मी म्हटलं. "येत होता."

"गटाराचा. दोनदा साबण लावला. आता बघा, काय वास राहिला नाय."

मी गोधडी नाकाला लावली. नव्हता राहिला. साबण आणि ऊन, बस. फिलू माझ्या तोंडाकडे बघत होती. ती काही वेडी नाही. हातातली बादली तिने खाली ठेवली.

"जेजू," गळ्यातला क्रूस धरून म्हणाली, "माझ्या ध्यानातच नाय आलं, दादा."

"तुझं काय चुकलं. गटाराचाही येतच होता."

ती आमच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. मी तिच्याशेजारी बसलो. त्या दिवशी मला रडू आलं, तू गेल्यापासून पहिल्यांदा. फिलूने तोंड दुसरीकडे केलं आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला शिव्या देत राहिली, माझं रडणं मला ऐकू जाऊ नये म्हणून की लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून, तिलाच माहीत. तुझ्या माघारी ही बाई मला रोज भाजी देते. मागत नाही, सांगत नाही, कुंपणावर वाटी ठेवून जाते. हे तूच तिला सांगून ठेवलंयस असा मला संशय आहे.

रविवारी प्रकाश आला. भिंतींवरची ओल त्याने हात लावून बघितली.

"बाबा, आता तरी ऐका."

"येणार नाही."

"का? तुम्हालाच तर यायचं होतं. आईच येत नव्हती. तुम्ही माझ्या कानाशी किती वर्षं लावून धरलं होतं, आईला समजाव म्हणून."

"होतं लावून धरलं. आता हरलो."

"कुणाशी?"

"तुझ्या आईशी. पैज होती. उन्हात पाणी आलं तर फुलपाड्याचं नाव काढायचं नाही."

"बाबा, आई गेली."

"ती गेली. ज्याने शब्द दिला होता तो मी आहे ना इथे."

तो चिडला. चिडला की हुबेहूब तुझ्यासारखा दिसतो, नाकपुड्या फुगतात. म्हणाला, "आणि पुढच्या पावसात एकटे काय करणार? रात्री पाणी आलं तर?"

मी म्हटलं, "पानी येतं, जातं. त्याच्यासाठी माणसाने कशाला जायचं?"

बोलून गेल्यावर दोघांनाही ऐकू आलं. तुझं वाक्य, आणि तुझं पानी. मग उठून त्याने मोरी बघितली, बाजारात गेला आणि बसवायला एक झाकण आणलं, पाणी जातं पण उलटं येत नाही असलं. स्वतः बसवलं. नीट बसलं नाही, कुठे प्लंबर आहे तो, पण मी बोललो नाही. जाताना म्हणाला, "दर पुनवेला आणि अवसेला मी फोन करीन. उचलायचा." म्हटलं उचलीन. तुझा मुलगा आहे, नक्षत्र नाही विचारलं त्याने.

तर मी राहतोय. पण तू एवढं खूष होऊ नकोस. फुलपाड्याला कोरडं आहे आणि माणसाने कोरड्यात राहावं, हे माझं मत अजून तेच आहे. तू दर्याचं खरं केलंस, राहण्याचं नाही. तो वाद बाकी आहे.

आणि प्रकाशला मी पैजेचं सांगितलं ते खोटं नाही, पण सगळं नाही.

आता हस्त लागलाय. हत्तीचा पाऊस. मृगापासून इथला पाऊस तुझ्या माहेरच्या बाजूने येतो, समुद्राकडून, पुढच्या दाराने, नुसता पडत राहतो, न गडगडता. हस्तात वारा फिरतो. दुपार कलली की तुंगारेश्वराच्या डोंगराकडून ढग चढतात, काळे, आणि पाऊस मागच्या पडवीवर येतो, माझ्या गावच्या दिशेने. गडगडाट, विजा, तासाभराचा दंगा आणि मोकळं. घरात पाणी भरलं तरी न डगमगणारी तू विजेला भ्यायचीस. पहिली वीज झाली की हातातलं टाकून पडवीत यायचीस, मी खुर्चीवर असायचो, तू खाली माझ्या पायाशी बसायचीस, गुडघ्याला धरून. तोंडाने "हे असलं तुमच्याकडचं" म्हणून मला शिव्या. शेवटची वीज होईपर्यंत सोडायची नाहीस.

अख्ख्या वर्षात तेवढेच दिवस तू कामं टाकून माझ्याजवळ बसलीस. मी हस्ताची वाट बघायचो. कॅलेंडरात वाहन बघायचो ते त्यासाठीसुद्धा. हे तुला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तू मुद्दाम आत बसली असतीस, भिंतीला धरून.

चौथ्या मजल्यावर पडवी नाही. प्रकाशला हे कसं सांगणार.

आता ढग चढलेत. मागचं दार उघडं ठेवून बसलोय. पहिली वीज आत्ताच झाली, लांब होती, डोंगरापलीकडे.